छोटे धंदे मोठे का होत नाहीत? संशोधन वाचताना पडलेले प्रश्न

टाचणवही (धागाकर्ती)

"रोजगार निर्माण होतो तो छोट्या उद्योगांतून." हे वाक्य मी आजवर किती अहवालांत लिहिलं असेल याची मोजदाद नाही. अहवाल लिहिणं हेच माझं काम, आणि हे वाक्य म्हणजे त्यातलं मंगलाचरण. परवा नव्याने लागलेल्या सहकाऱ्याने मसुदा वाचता वाचता विचारलं, "हे कुणी मोजलंय?" मी म्हटलं, अरे, सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, "तेच विचारतोय."

मग शोधायला बसले. या वाक्याचा उगम बऱ्याच अंशी एका माणसाच्या एका अहवालात आहे. एमआयटीतल्या डेव्हिड बर्च यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या आस्थापनांच्या नोंदी चाळून मांडलं, की १९६९ ते १९७६ या काळात निव्वळ नव्या नोकऱ्यांपैकी ६६ टक्के नोकऱ्या वीस किंवा त्याहून कमी माणसांच्या उद्योगांत तयार झाल्या. अवाढव्य कंपन्या म्हणजेच अर्थव्यवस्था असं धरून चालण्याचे ते दिवस. आकडा वणव्यासारखा पसरला.

त्यावर पुढे बरंच पाणी पडलं. १९९६ साली डेव्हिस, हॉल्टिवांगर आणि शू या तिघांनी मोजण्याच्या पद्धतीतलीच मेख दाखवली. समजा, एका कारखान्यात एरवी पंचवीस माणसं असतात. एका मंदीच्या वर्षी ती अठरावर आली आणि पुढच्या वर्षी परत पंचवीस झाली. सुरुवातीचं वर्ष धरून वर्गवारी केली तर हा 'लहान' उद्योग आणि त्याने सात नोकऱ्या निर्माण केल्या! उलट एरवी अठरा माणसं असलेला कारखाना एखाद्या तेजीच्या वर्षी पंचवीसवर गेला आणि परत अठरावर आला, तर 'मोठ्या'ने सात नोकऱ्या घालवल्या. प्रत्यक्षात दोघेही जिथल्या तिथे आहेत.

आणि २०१३ साली हॉल्टिवांगर यांनीच जार्मिन आणि मिरांडा यांच्यासह आणखी एक पान उलटलं. उद्योगाचं वय हिशेबात घेतलं की आकार आणि वाढ यांतला तो लाडका संबंध जवळजवळ नाहीसा होतो. नोकऱ्या तयार होतात त्या तरुण उद्योगांत. नवे उद्योग सुरुवातीला लहानच असतात, म्हणून श्रेय लहानांना गेलं. या तरुणांतलेही बरेच लवकर बंद पडतात. जे टिकतात त्यांतले काही झपाट्याने वाढतात.

म्हणजे वीस वर्षं सात माणसांवर चाललेला धंदा आणि काल सुरू झालेला सात माणसांचा धंदा, हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि आपण दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवून 'लघुउद्योग' अशी पाटी लावली आहे.

तर प्रश्न असा: जुने आणि लहान धंदे लहानच का राहतात? भांडवल नाही म्हणून, की दुसरंच काही? इथे प्रत्यक्ष धंदा करणारे आणि संशोधनात असलेले असे दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून विचारते आहे.

मोजपट्टी

चांगला धागा. एक भर घालतो. बहुतेक मालकांना मोठं व्हायचंच नसतं, हे उत्तर कुणाच्या मनातच येत नाही. हर्स्ट आणि पग्सली या दोघांनी २०११ साली अमेरिकेतल्या छोट्या उद्योजकांची माहिती घेऊन हे बघितलं. धंदा का काढला, या प्रश्नावर साधारण निम्म्यांच्या उत्तरात 'कुणाच्या हाताखाली नको', 'वेळ माझी असावी' अशी पैशापलीकडची कारणं होती. धंदा केवढा करायचा, तर बहुतेकांचं उत्तर 'स्वतःला झेपेल एवढा'. नवं काही शोधून काढण्याचा विचारही बहुतेकांनी केलेला नव्हता. प्लंबर, वकील, दंतवैद्य, दुकानदार. नेहमीचंच काम, नेहमीच्याच पद्धतीने, नीट करणारी माणसं.

दुसऱ्या टोकाला बर्च यांचेच 'गझेल', म्हणजे हरणाच्या उड्या मारत वाढणारे उद्योग. डेव्हिड स्टोरी यांनी १९९४ साली ब्रिटनच्या अनुभवावरून मांडलेलं ढोबळ प्रमाण प्रसिद्ध आहे: शंभर लहान उद्योग सुरू झाले तर दहा वर्षांनी टिकलेल्यांतल्या निम्म्या नोकऱ्या त्यांतल्या चारांकडे असतात.

शंभरातले चार. आणि योजना आखायची ती शंभरांसाठी.

निवांतवाचक

ते चार कोणते हे आधी कळलं तर बँका कशाला हव्यात?

मोजपट्टी

@निवांतवाचक, नेमकं तेच कळत नाही. नायजेरियात सरकारने २०११ पासून व्यवसाय आराखड्यांची मोठी स्पर्धा घेतली आणि निवडलेल्यांना घसघशीत अनुदान दिलं. विजेत्यांचा एक भाग चिठ्ठ्या टाकून निवडला होता, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. डेव्हिड मॅकेन्झी यांच्या अभ्यासात अनुदानाचा परिणाम ठळक दिसला: तीन वर्षांनी दहाहून जास्त माणसं असलेले उद्योग विजेत्यांत कितीतरी अधिक होते. पण परीक्षकांनी आराखड्यांना दिलेले गुण आणि पुढे कोण वाढलं, यांचा मेळ फारसा बसला नाही. नंतर संगणकाला शिकवून भाकीत करून पाहिलं, त्यालाही विशेष काही साधलं नाही.

लेथवाला

वाचनमात्र होतो, पण 'मोठं व्हायचंच नसतं' वाचून राहवलं नाही.

माझं यंत्रभागांचं वर्कशॉप आहे. अकरा माणसं, एकोणीस वर्षं. म्हणजे टाचणवही यांच्या पिंजऱ्यातला तो म्हातारा प्राणी मीच. मला मोठं व्हायचं होतं. मध्ये वीस माणसांपर्यंत नेलं, रात्रपाळी सुरू केली, एक मशीन वाढवलं. कर्ज सहज मिळालं, बँकवालेच मागे लागले होते. ऑर्डरी होत्या. दीड वर्षात परत अकरावर आलो, आणि आलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

झालं काय? कोटेशन मी काढणार, ड्रॉइंग मी वाचणार, पहिला नग मी तपासणार, येणं मी मागणार. अकरा माणसांचं एवढं एका डोक्यात मावतं. विसांचं मावत नाही. रात्रपाळीला मी नसायचो, तेव्हा रिजेक्शन दुप्पट. म्हणून रात्री जाऊ लागलो, तर दिवसाची कोटेशनं तुंबली. चांगला सुपरवायझर ठेवला, तो आठ महिन्यांत शिकून गेला आणि दोन गिऱ्हाइकं घेऊन गेला. त्यानंतर कुणाला ड्रॉइंगच्या कपाटाची चावी द्यायचा धीर झाला नाही.

भांडवल कमी पडलं असं मला कुणी म्हणू नये. मी कमी पडलो.

आकडेमोड

लेथवाला, दुसऱ्यांच्या वह्या तपासून पोट भरतो म्हणून सांगतो, भांडवलाला इतक्या लवकर सोडू नका. तुमच्या पदरी ऑर्डरी होत्या, पण येणं किती दिवसांनी यायचं? उलाढाल दुप्पट म्हणजे उधारीही दुप्पट. माल आज घ्यायचा, पगार महिनाअखेरीला द्यायचा आणि गिऱ्हाईक तीन महिन्यांनी पैसे देणार. वाढणारा धंदा कागदावर नफ्यात असतो आणि खात्यात खडखडाट असतो. ऑर्डरी नसल्याने बंद पडलेले धंदे मी पाहिलेत तसे ऑर्डरी जास्त झाल्याने बंद पडलेलेही पाहिलेत.

यावर एक अभ्यास मला फार पटतो. डेव्हिडसन, स्टेफन्स आणि फिट्झसिमन्स, २००९. त्यांनी उद्योगांच्या चार बाजू केल्या: नफा कमी किंवा जास्त, वाढ कमी किंवा जास्त. मग काही वर्षांनी कोण कुठे पोचलं ते पाहिलं. आधी नफ्यात असलेले पण हळू वाढणारे उद्योग पुढे दोन्हीत वर जाण्याची शक्यता बरीच जास्त. आधी वाढ साधली, नफा मागाहून बघू, असं करणारे मात्र बऱ्याचदा दोन्हीत खाली घसरले. आधी घर सावरावं आणि मग माडी चढवावी, एवढंच ते म्हणतात. पण ते आकड्यांत पाहिलं की गिऱ्हाइकाला दाखवता येतं.

लेथवाला

@आकडेमोड, येणं शंभर दिवसांवर गेलं होतं. दुखती रग दाबलीत.

उंबरठा

लेथवाला यांनी जे लिहिलं त्याला अर्थशास्त्रात नाव आहे. एडिथ पेनरोज यांनी १९५९ साली मांडलं, की उद्योगाच्या वाढीच्या वेगाला मर्यादा येते ती मुख्यतः व्यवस्थापन करणाऱ्यांच्या क्षमतेची. पैसे उसने आणता येतात, यंत्रं विकत घेता येतात. पण या धंद्यात मुरलेली, एकमेकांच्या सवयी माहीत असलेली माणसं बाजारात तयार मिळत नाहीत, ती आत घडावी लागतात, आणि त्यांना घडवायचा वेळ आधीच्याच माणसांच्या वेळातून जातो. लेथवाला यांनी मशीन, माणसं आणि पाळी एकदम वाढवली. वाढवता न येणारी एकच गोष्ट जागच्या जागी राहिली.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा मुंबईजवळच्या कापड गिरण्यांवरचा २०१३ चा अभ्यास बघा. सतरा कंपन्या, अठ्ठावीस कारखाने. काहींना पाच महिने सल्लागार फुकट दिले. सल्लागारांनी नवं यंत्र आणलं नाही. कापडात दोष कुठे येतो ते रोज लिहा, सुताचा साठा मोजून नीट लावा, माग बिघडण्याआधी तेलपाणी करा, रोज सकाळी दहा मिनिटं एकत्र बसा, अशा बाबी. पहिल्या वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली.

मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त बोलकं वाटतं. कंपनी किती मोठी होणार हे कशावर ठरत होतं? मालकाच्या घरात पुरुष माणसं किती, यावर. जितके भाऊ आणि मुलगे, तितके कारखाने. घराबाहेरच्या माणसाच्या हाती निर्णय द्यायचा नाही, कारण त्याने हात मारला तर दाद मागायची कुठे? उत्तम चाललेली कंपनीही भाऊ संपले की थांबत होती.

लेथवाला, तुमच्या कपाटाची चावी म्हणजे हाच तो मुद्दा.

दोनओळी

'भाऊ संपले की थांबत होती'. मुली मोजल्याच नाहीत ना. संशोधकांनी नव्हे, मालकांनी.

उंबरठा

@दोनओळी, हो. आणि तो नुसता न्यायाचा प्रश्न नाही, धंद्याच्या आकाराचा आहे. अर्धं घर वगळून वारस शोधायचा म्हणजे वाढीची मर्यादा आपल्याच हाताने निम्मी करायची.

निवांतवाचक

थोडा विरजणाचा थेंब टाकतो. सल्लागार गेल्यावर काय झालं?

उंबरठा

रास्त प्रश्न. संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले. अंगीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कारणं ओळखीची: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, मालकांना वेळ उरला नाही, किंवा ती पद्धत आसपासच्या गिरण्यांत कुणीच पाळत नव्हतं. पण ज्यांना सल्ला मिळाला होता आणि नव्हता, त्यांच्यातला फरक तेव्हाही पुसला गेला नव्हता. पेला निम्मा भरलेला म्हणा किंवा रिकामा.

टाचणवही

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खोल चालला आहे. आता नावीन्याकडे वळू का? माझा समज असा होता, की छोट्या उद्योगांकडे नवं तंत्र पोचत नाही, पोचलं की ते उचलतील. म्हणजे प्रश्न माहितीचा.

(अवांतर: 'नावीन्य' म्हणजे जगात प्रथमच घडलेलं असं काही असावं, हा समजही वाचताना गेला. ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) यांच्या ज्या मार्गदर्शिकेवरून देशोदेशी पाहणी होते तिच्यात उद्योगापुरतं नवं असलं तरी ते नावीन्यच धरतात. म्हणजे दोषांची नोंदवही घालणारी गिरणीही नवोन्मेषी.)

उंबरठा

टाचणवही, माहितीचा प्रश्न म्हणालात म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगतो. मला या सगळ्या साहित्यातली ती सगळ्यात आवडती आहे.

पाकिस्तानातलं सियालकोट हे फुटबॉल बनवणाऱ्यांचं गाव. नेहमीच्या फुटबॉलवर वीस षटकोन आणि बारा पंचकोन असतात. ते रेक्झिनच्या तुकड्यातून साच्याने ठोकून कापतात. षटकोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटून बसतात, वाया फारसं जात नाही. पंचकोन तसे बसत नाहीत, मध्ये फटी राहतात. संशोधकांच्या गटाने पंचकोन मांडायची एक जास्त दाट रचना घेतली, तिच्यावरून साचा बनवला. त्याच तुकड्यातून पूर्वी अडीचशे पंचकोन निघत, ते आता २७२ निघू लागले. रेक्झिन हा चेंडूच्या खर्चातला मोठा भाग. साच्याची किंमत त्यापुढे किरकोळ.

२०१२ साली त्यांनी हा साचा पस्तीस कारखान्यांना फुकट नेऊन दिला. कसा वापरायचा ते दाखवलं. आणि वाट बघत बसले. पंधरा महिने झाले तरी तो खरोखर वापरणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

माहिती होती. साचा होता, तोही फुकट. फायदा उघड होता. मग?

कापणारा कारागीर नगावर मजुरी घेतो. नव्या साच्यात हात बसेपर्यंत त्याचा वेग कमी होतो, म्हणजे त्याची रोजची कमाई कमी होते. रेक्झिन वाचलं तर ते मालकाचं वाचतं, कारागिराच्या पदरात काही पडत नाही. तर कारागीर मालकाला सांगायचा, साहेब, हा साचा काही कामाचा नाही. आणि मालकाकडे पडताळून पाहायचं दुसरं साधन नव्हतं, कारण साच्याबद्दल ज्याचं म्हणणं ऐकायचं तो माणूस तोच!

मग संशोधकांनी काही कारखान्यांत दुसरा प्रयोग केला. एका कटरला आणि एका छपाईवाल्याला सांगितलं, मालकासमोर नवं तंत्र नीट वापरून दाखवा, महिनाभराच्या कमाईएवढी रक्कम एकरकमी देऊ. रक्कम कारखान्याच्या मानाने क्षुल्लक होती. तेवढ्याने साचा वापरणाऱ्या कारखान्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं.

मालकांनी हे आधीच का केलं नाही, हा त्यातला खरा चावरा प्रश्न. मजुरीची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली. ती हलवायची तर आधी नव्या साच्याचा फायदा आहे अशी खात्री हवी, आणि ती खात्री ज्याच्याकडून मिळायची त्याचंच त्यात नुकसान. गाठ अशी बसलेली.

मोजपट्टी

+१. मला वाटतं या धाग्याचा कणा हा आहे.

लेथवाला

वाचून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

तीन वर्षांपूर्वी मी एक फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना नग पक्का धरून ठेवणारी चौकट, बनवून घेतलं होतं. एका सेटिंगमध्ये दोन नग. जुन्या ऑपरेटरने आठवडाभर वापरलं आणि सांगितलं, नग हलतो, माप सुटतं. मी ठेवून दिलं कपाटात. तोही नगावरच आहे! दोन नगांचं काम सुरू झालं तर मी दर कमी करीन, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, केलाच असता.

नग हलत होता की नव्हता, मी स्वतः लावून बघितलं नाही. वेळ नव्हता.

दोनओळी

लेथवाला, आज बघितलंत तर कळवा.

माझा वेगळा प्रश्न. श्रीलंकेतल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं, की छोट्या धंद्यांना भांडवल दिलं तर पुरुषांना भरघोस परतावा आणि बायकांना शून्य. शून्य? मी स्वतः चार बायकांना घेऊन शिवणाचं युनिट चालवते आणि हे वाचून आठवडाभर डोकं तापलेलं होतं.

उंबरठा

डे मेल, मॅकेन्झी आणि वुड्रफ, २००८. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अगदी छोट्या धंद्यांना रोख किंवा वस्तुरूपात अनुदान दिलं. सगळ्यांचा मिळून परतावा महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बँकेच्या व्याजाच्या कितीतरी वर. पण फोड करून पाहिली तर तो पुरुषांच्या धंद्यांतून येत होता, स्त्रियांच्या धंद्यांत सरासरी परतावा शून्य. बराच काळ यावर चर्चा झाली ती 'बायका कोणते धंदे निवडतात' अशी.

मग २०१९ साली बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा उलगडली. ज्या घरात बाईचा धंदा आणि नवऱ्याचाही धंदा, तिथे बाईला मिळालेलं भांडवल नवऱ्याच्या धंद्यात गेलं होतं. पैसा वाढला, पण दुसऱ्या वहीत. ज्या घरात धंदा करणारी बाई एकटीच, तिथे तिचा परतावा पुरुषांच्या तोडीचा होता.

दोनओळी

दुसऱ्या वहीत!! अकरा वर्षं लागली शेजारची वही उघडायला.

आकडेमोड

आम्हाला विचारलं असतं तर चहा व्हायच्या आत सांगितलं असतं.

निवांतवाचक

मी या धाग्यावरचा नतद्रष्ट आहेच, तर अजून एक. उद्योजकता शिबिरं. मी तीन केली. प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत, धंदा नाही.

मोजपट्टी

शिबिरांवरचं संशोधन तुमच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. टोगोमध्ये दीड हजार छोट्या उद्योजकांवर केलेला प्रयोग २०१७ साली छापून आला. एका गटाला नेहमीचं शिक्षण: हिशेब, विपणन, मनुष्यबळ. दुसऱ्या गटाला मानसशास्त्रावर आधारलेलं 'स्वतःहून पुढाकार घेण्याचं' शिक्षण: अडचण येण्याआधी ओळखा, दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय करता येईल ते शोधा, अडलं तरी चिकटून राहा. नेहमीच्या शिक्षणाने नफ्यात पडलेला फरक योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. दुसऱ्याने नफा सरासरी ३० टक्के वाढला.

आणि प्रशिक्षण द्यायची गरजच पडली नाही, असं चीनमधलं एक उदाहरण कै आणि सायडल यांच्या अभ्यासात आहे. २,८२० तरुण कंपन्या. त्यांतल्या काहींच्या मालकांचे दहा-दहाचे गट केले आणि वर्षभर महिन्यातून एकदा एकत्र बसायला सांगितलं. शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही. एकमेकांचे कारखाने बघायचे आणि बोलायचं. उलाढाल सरासरी ८ टक्क्यांनी वाढली, आणि ज्यांच्या गटात आपल्याहून मोठे उद्योग होते त्यांची अधिक. मात्र जिथे एकमेकांशी स्पर्धा होती तिथे उपयोगाची माहिती गटात कमी फिरली.

निवांतवाचक

म्हणजे शिबिरातला जेवणाच्या सुट्टीतला भाग तेवढा कामाचा. पटतं. पण एक शेवटचं: हे सगळे सरासरीचे आकडे. माझा धंदा एकच असतो, तो सरासरी नसतो. टोगोतल्या ३० टक्क्यांत असेही असतील ज्यांचं वाटोळं झालं.

उंबरठा

असतीलच. सरासरीवरून तुमचं भविष्य कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवा. मी हे अभ्यास वाचतो ते कुठे बोट ठेवून बघायचं हे कळावं म्हणून. सियालकोट वाचल्यावर लेथवाला यांना फिक्श्चर आठवलं. त्यांचं फिक्श्चर चांगलं आहे हे कुठलाच अभ्यास सांगणार नाही.

आकडेमोड

जाता जाता, 'दहातले नऊ धंदे पहिल्या काही वर्षांत बुडतात' हे वाक्यही अहवालांतून काढा, टाचणवही. अमेरिकेच्या नोंदींत पहिल्या वर्षी साधारण पाचातला एक आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे बंद होतात. त्यांतलेही सगळे बुडालेले नसतात. कुणी विकतो, कुणी निवृत्त होतो, कुणाला चांगली नोकरी लागते. मी ज्यांच्या वह्या बंद केल्या त्यांतल्या काहींनी पेढे दिले होते.

टाचणवही

काढते. आणि 'तरुणांच्या कल्पना' हे प्रकरणही काढावं लागणार आहे. अझूले आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारातल्या एक अशा, उद्योगांच्या संस्थापकांचं सरासरी वय सुरुवातीला ४५ निघालं. उद्योग तरुण, मालक प्रौढ. माझ्या मसुद्यात नेमकं उलटं होतं.

लेथवाला

काल संध्याकाळी फिक्श्चर काढलं, धूळ झटकली, स्वतः लावलं. चाळीस नग काढले. नग हलतो. म्हणजे ऑपरेटर खोटं बोलला नव्हता. पण एक क्लॅम्प बदलला तर हलणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही विचारलं नाही, 'चालतंय का' एवढंच विचारलं.

आज त्याच्याशी बसून ठरवलं, क्लॅम्प तो बदलणार, आणि वर्षभर नगाचा दर तोच राहणार. लिहून दिलं. दुसरं, छोट्या कामांची कोटेशनं आता त्याने काढायची, मी नुसतं बघणार. कपाटाची चावी दिली नाही अजून. त्या कोटेशनपुरती ड्रॉइंग काढून देतो.

उंबरठा, याने फरक पडला की नाही हे कसं कळणार? मला ती चिठ्ठ्यांची भानगड जमणार नाही, माणसं अकराच आहेत.

उंबरठा

चिठ्ठ्या नकोत. फक्त आधीचं लिहून ठेवा, नंतरचं आपोआप लिहिलं जाईल. गेल्या सहा महिन्यांतली कोटेशनं: चौकशी आली कधी, कोटेशन गेलं कधी, काम मिळालं की नाही. तीन रकाने.

लेथवाला

कोटेशनं वहीत आहेत. तारखा नाहीत.

आकडेमोड

पाठवता कशावरून? तिथे तारीख असेलच.

लेथवाला

व्हॉट्सअ‍ॅपवरून. मधे फोन बदललाय. जुना मुलीकडे आहे, रविवारी बघतो.